हार्लन नक्की काय धर म्हणाला

हार्लन गॅस्किलची सुरमई वजनकाट्याला लटकली, तेव्हा धक्क्यावरची कुजबुजसुद्धा थांबली. मासा चांगला त्याच्या छातीला लागेल एवढा होता. मासेमारी स्पर्धेच्या समितीच्या प्रमुख लिओटा सॉल्टरबाईंनी चष्मा पुसून आकडा दोनदा पाहिला आणि मग कर्ण्यातून वाचून दाखवला. गल पॉइंटच्या धक्क्यावर एवढी सुरमई आजवर कोणी तोलली नव्हती.

सगळ्यात मोठा धक्का हार्लनलाच बसला होता. आयुष्यभर तो या स्पर्धेत उतरत आला होता आणि आयुष्यभर लोकांच्या विजयाला टाळ्या वाजवून घरी गेला होता. आता मात्र झेंडे लावलेली, कोरी करकरीत बक्षिसाची बोट त्याची होणार होती. तो तिच्याभोवती फिरला, इंजिनावरून हात फिरवला आणि कोणी बघत नाही असं वाटून आत जाऊन बसलासुद्धा. बघत सगळेच होते. त्याचा मेहुणा एलवुड फुल्चर तर डोळे फाडून बघत होता, कारण हार्लन धक्क्याला लागेपर्यंत त्याचीच सुरमई पहिली होती आणि त्या बोटीत मनातल्या मनात तोच बसलेला होता.

"दाजी, फार टेकून बसू नका," एलवुड म्हणाला. "अजून तपासणी व्हायचीय."

तपासणी म्हणजे खोटं पकडायचं यंत्र. बक्षीस मोठं असल्यामुळे विजेत्या बोटीवरच्या प्रत्येकाला त्यापुढे बसावं लागे. हार्लनला त्याची काडीचीही भीती नव्हती. त्याच्या बोटीवर माणसं दोनच, तो आणि त्याची बायको व्हर्ना. व्हर्ना दर रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायची आणि बोटीवर आली की दिवसभर लोकर विणत बसायची. मासा हार्लनने एकट्याने ओढला होता. लपवण्यासारखं होतं तरी काय?

अग्निशमन दलाच्या खोलीत शहरातून आलेल्या प्रुइट नावाच्या गृहस्थांनी त्याच्या बोटांना वायरी लावल्या. वेळेआधी गळ टाकला होतास का, हद्दीबाहेर गेला होतास का, सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी मुख्य नियमाचं विचारलं. मासा गळाला लागल्यापासून बोटीत येईपर्यंत गळाच्या काठीला दुसऱ्या कोणाचा हात लागला का? हार्लन ठणकावून नाही म्हणाला. यंत्राची रेघ सरळ गेली. हार्लन बाहेर आला, मक्याच्या भज्यांची बशी उचलली आणि व्हर्नाला आत पाठवलं.

व्हर्ना फार वेळ आत राहिली. ती बाहेर आली तेव्हा तिच्यामागे प्रुइटसाहेब होते आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी लिओटाबाईंना बाजूला घेतलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत आपल्याला असं कधी भेटलं नाही, असं ते हळू आवाजात सांगत होते. नवरा म्हणतो, काठीला कोणी हात लावला नाही. बायको म्हणते, मी लावला. आणि यंत्राच्या मते दोघंही खरं बोलतायत.

हार्लनच्या घशात भजं अडकलं.

"तू काठी धरलीस?" त्याने विचारलं. "कधी?"

"तुझी पँट पडली तेव्हा," व्हर्ना म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टरच्या सांगण्यावरून व्हर्नाने हार्लनचा लोणी-साखरेचा खुराक तोडला होता. पोट उतरलं, पण नवी पँट घ्यायला हार्लन तयार नव्हता. जुनीच पँट त्याने खांद्यांवरून घ्यायच्या पट्ट्यांवर, गॅलिसवर, टांगली होती. सुरमईने पहिला हिसका दिला आणि गॅलिसची बटणं टपाटप उडाली. पँट घोट्यांशी आली. हार्लन किंचाळला, "अगं, धर."

"मी पँट धर म्हटलं होतं," हार्लन म्हणाला.

"तू नुसतं धर म्हणालास. आपलं लग्न झाल्यापासून तू मला जे काही धरायला सांगितलंयस, ते मासे मारायचंच सामान होतं. मी काठी धरली. तू वाकलास, पँट वर घेऊन कोपराने दाबलीस, काठी परत घेतलीस."

काठी हातातून सोडल्याचं हार्लनला काही केल्या आठवत नव्हतं. त्याला आठवत होती ती रिळाची किरकिर, हाताला बसणारे हिसके आणि समोर उसळणारं पाणी. पँट आपोआप वर आली असावी, अशीच त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याने डोळे मिटून पुन्हा आठवून पाहिलं. पँट पडलेली आठवत होती आणि पँट परत कमरेवर असलेली आठवत होती. मधला तुकडा कोणीतरी कापून नेल्यासारखा गायब होता.

लिओटाबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते, हार्लनलासुद्धा. त्यांनी समिती बसवली. एक म्हणाला, बाईचा हात निसटता लागला असेल तर सोडून देऊ. दुसरा म्हणाला, निसटता आणि घट्ट यातला फरक कोण सांगणार? हार्लन अजिजीने म्हणाला की असा बारीकसारीक नियम असूच नये.

"हा नियम तूच मागून घेतला होतास, हार्लन," लिओटाबाई म्हणाल्या. "भर सभेत टेबलावर मूठ आपटून. बायका-पोरांकडून काठ्या ओढून घेऊन लोक स्पर्धा जिंकतात, म्हणून."

हार्लन खाली बसला. यावर समितीने ठरवलं की कोणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर त्याने सांगावं, नाहीतर संशयाचा फायदा मासेमाराला.

तेवढ्यात एलवुड घसा खाकरत पुढे आला. आपली बोट त्या वेळी जवळच होती, असं तो म्हणाला. दाजींचं मासे मारणं गंमत म्हणून तो मोबाइलवर टिपत होता, तेवढ्यात त्यांची पँट पडली. खरं तर तो व्हिडिओ घरच्या जेवणाच्या वेळी दाखवायचा होता. आता समितीची अडचण होतेय, तर कर्तव्य म्हणून दाखवायला आपली हरकत नाही.

व्हर्नाने भावाकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर मोबाइल समुद्रात टाकून मोकळा झाला असता. एलवुडला मात्र बोट दिसत होती.

मोबाइलवर नीट दिसेना, म्हणून बक्षीस समारंभासाठी मांडलेल्या मोठ्या पडद्याला तो जोडला गेला. पडदा धक्क्यावर, सगळ्या गावासमोर होता. हार्लनने दिवे तरी घालवा म्हणून विनवलं. लिओटाबाई म्हणाल्या, मग तर आणखी स्पष्ट दिसेल.

पडद्यावर हार्लन आला. पँट गेली. आतली चड्डी लाल होती आणि तिच्यावर नाताळची हरणं उड्या मारत होती. गाव एकदम हसलं नाही. आधी सगळ्यांचा श्वास अडकला. पाद्र्याच्या बायकोने डोळ्यांवर हात ठेवला आणि बोटं फाकवली. मग व्हर्ना दिसली. तिने लोकर टाकली, दोन्ही हातांनी काठी धरली आणि पाय रोवून मागे रेलली. हार्लन वाकला, उठला, काठी घेतली. सगळं डोळ्याचं पातं लवेस्तोवर संपलं, पण निसटता हात म्हणायला वाव नव्हता. तिची ती पक्की पकड पाहून धक्क्यावरच्या जुन्या कोळ्यांनी मानासुद्धा डोलावल्या.

"बाद," लिओटाबाई जड आवाजात म्हणाल्या.

एलवुड बोटीच्या दिशेने चालायला लागला. पण पडदा बंद कसा करायचा हे समितीत कोणालाच येत नव्हतं आणि चित्र पुढे चालूच राहिलं. हार्लनची बोट दूर गेली. मागून एलवुडचं खिदळणं ऐकू येत होतं. मग त्याचा जोडीदार रॉस्कोचा आवाज आला, "एलवुड, अरे मासा लागला. काठी वाकलीय."

"तू धर," पडद्यावरचा एलवुड म्हणाला. "हे सोडून कोण येतंय."

मोबाइल वळला. रॉस्को काठी धरून घामाघूम होत रीळ फिरवत होता. चांगला बराच वेळ फिरवत होता. मधून मधून एलवुडचा आवाज त्याला नीट ओढ म्हणून सांगत होता आणि पुन्हा मोबाइल हार्लनकडे वळत होता. सुरमई अगदी बोटीजवळ आली तेव्हा कुठे एलवुडने काठी हातात घेतली.

धक्क्यावरचा एलवुड बोटीच्या शिडीवर एक पाय ठेवून तसाच गोठला होता. चित्र आपणच काढलं, आपणच आणून दिलं आणि त्यात आपणही आहोत, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या मते त्या चित्रात फक्त दाजी होते.

"खाली उतर," लिओटाबाई म्हणाल्या.

बोट मिळाली तिसऱ्या नंबरच्या दातांच्या डॉक्टरला. तो दिवसभर उलट्या करत एका फळीवर पडून होता, पडल्या पडल्याच त्याने मासा ओढला होता आणि त्याच्या एकट्याच्याच काठीला कोणी हात लावायला गेलं नव्हतं. बक्षीस घ्यायला बोलावलं तेव्हा त्याने आधी विचारलं, ही बोट आहे म्हणजे मला पुन्हा समुद्रात जावं लागेल का?

घरी जाताना गाडी व्हर्ना चालवत होती. हार्लन दोन्ही मुठींत पँट धरून बसला होता. मागे बर्फात सुरमई होती. उद्या तळायला एलवुडलाही बोलाव, असं व्हर्ना म्हणाली, आणि हार्लनने मान हलवली, कारण आता त्याचं आणि एलवुडचं दुःख एकाच मापाचं होतं.

धक्का मागे पडल्यावर त्याने विचारलं, "यंत्रापुढे नाही म्हणाली असतीस तर?"

"विचारलं त्यांनी. मग सांगायला नको?"

व्हर्नाच पुढे बोलली, रस्त्यावरची नजर न काढता.

"आणखी एक सांगू? काठी हातात आली ना, तेव्हा माशाने एक ओढ दिली. पार खांद्यापर्यंत. इतकी वर्षं मी तिथे बसून विणतेय आणि हे असं असतं, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस." तिने गाडी वळणावर घेतली. "तू पँट चढवलीस आणि लगेच हात पुढे केलास. मला काठी द्यायची नव्हती, हार्लन."

हार्लनच्या हातातून पँट सुटली. दिवसभरात एवढे धक्के बसले होते, पण हा सगळ्यात खोल गेला.

"मग?"

"मग काय, दिली. नवरा आहेस," व्हर्ना म्हणाली. "पण पुढच्या वेळी मागू नकोस."