दामल्यांचं शिसं

'कालची गोळी सैल पडली, आज जरा जाड घेतो,' असं दामले जिन्यात फोनवर म्हणाले की नवख्या माणसाला वाटे, यांना रक्तदाब असावा. तसं काही नव्हतं. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये दिवसभर चिपच्या यंत्रांत डोकं घालणारे हे माझे वरच्या मजल्यावरचे शेजारी उरलेल्या वेळात जुन्या धाटणीच्या, मागून एकेक काडतूस भरायच्या, काळ्या बारुदाच्या रायफलीसाठी गोळ्या निवडत.

पोह्यांच्या ताटलीत शिशाच्या गोळ्या मांडून ते सोनाराच्या काट्यावर एकेक तोलत. गोळी नळीपेक्षा केसभर जाड हवी, शिसं मऊ हवं. 'कडक शिसं म्हणजे शिळी भाकरी, घशाखाली उतरत नाही. छापील तक्त्याला काय कळतंय!'

लॉकडाऊनमध्ये नेमबाजीचा क्लब बंद झाला. मी म्हटलं, 'आता तरी हे आवरा.'

'का? कुलूप क्लबला आहे, मला नाही.'

दर रविवारी ते सायकलवर कुठेतरी जात. एकदा मीही गेलो. एका वृद्धाश्रमाच्या खिडकीआड हेंक बसला होता. दामल्यांना नेमबाजी शिकवणारा, ही रायफल त्यांना देणारा म्हातारा. आता त्याला मुलीचं नावही आठवत नसे. दामल्यांनी काचेला दोन गोळ्या टेकवल्या. नुसतं शिसं, बारूद नाही.

नर्स दारात आली. 'मेनीर दामले, भेटी बंद आहेत.'

'भेट कुठे? मी फुटपाथवर आहे. फुटपाथ नगरपालिकेचा.'

'मागच्या रविवारीही हेच म्हणालात.'

'पुढच्याही म्हणेन.'

ती आत गेली आणि तिने हेंकची खुर्ची नीट खिडकीकडे वळवली. हेंकने बराच वेळ निरखून डावीकडच्या गोळीवर काचेच्या आतून बोट ठेवलं. दामल्यांनी वहीत नोंद केली.

परतताना मी विचारलं, 'इतके महिने झाले, अजून गोळी ठरत नाही?'

'ठरली की. क्लब बंद व्हायच्या आधीच.'

'मग हे?'

'जेवण कधी, झोप कधी, सगळं दुसरेच ठरवतात त्याचं. त्याला कोणी काही विचारत नाही हो.'

क्लब उघडला तेव्हा दामल्यांनी हेंकने निवडलेल्याच गोळ्या भरल्या. दहातल्या सात निशाणाच्या कागदाबाहेर गेल्या. शेजारचा नेमबाज हसून म्हणाला, 'ही गोळी कुणी निवडली?'

दामल्यांनी पुढचं काडतूस भरलं. 'माझ्या गुरूने. काही म्हणणं आहे?'