चंद्रहासने गाण्यासाठी फोन घेतला

चांदीपच्या चंद्रहासला गप्प बसता आलं असतं. पुतणी निधीचं लग्न ठरलं होतं, चहा फिरत होता. सातिवलीच्या प्लास्टिक कारखान्यात डिस्पॅच क्लार्क असलेल्या माणसाने अशा वेळी बशीत फुंकर मारत बसावं. पण नवऱ्यामुलाची आत्या जिजाबाई सहज म्हणाली, "आजकाल सगळीकडं हळदीला तीच तीच गानी," आणि चंद्रहासच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या निधीच्या हळदीला नवीन गाणं वाजेल. मी स्वतः करतोय. मोबाईलवर."

(शाळेच्या गॅदरिंगला त्याने एकदा ढोलकी वाजवली होती. सगळं भांडवल तेवढंच.)

थोरला भाऊ शत्रुघ्न, म्हणजे निधीचा बाप, दचकलाच. पण व्याह्यांसमोर भावाला खोटं कसं पाडणार? पाहुणे गेल्यावर त्याने चंद्रहासला कोपऱ्यात घेतलं. "चंद्या, आता गानं झालंच पायजे. नायतर मांडवात माझं नाक कापलं जाईल."

चंद्रहासचा जुना फोन साधा कॉल घ्यायलाही कुरकुर करायचा, त्यावर गाणं कसलं होणार? म्हणून त्याने फ्लॉईडला विचारलं. फ्लॉईड भुईगावचा, कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसणारा आणि रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवणारा. त्याने नीट समजावलं. "मेमरी भरपूर बघ. आणि इअरफोनची पिन जाईल असं भोक असलेला घे. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, ताल चुकतो. कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघू नको."

इतकं सोपं होतं. चंद्रहास एकटा जाऊन फोन घेऊन आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांच्या घरात मोठी खरेदी म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखे सगळे निघतात. वसईतल्या दुकानात चंद्रहास, बायको मीरा, शत्रुघ्न आणि निधी अशी वरात शिरली.

"भोक असलेला दाखवा," चंद्रहास म्हणाला.

"भोक पडलेला कशाला?" शत्रुघ्न भडकला. "लग्नाचं घर हाय. चांगला, अखंड घे!"

"दादा, इअरफोनसाठी..."

"अंकल, वो तो अभी सिर्फ सस्तेवाले में आता है," सेल्समनने तेल ओतलं.

"सस्ता नको!" शत्रुघ्नने विषय संपवला.

मीराला बॅटरीची काळजी होती. "बघा हां भाऊ, चार्जिंगला लावायची यांना आठवन राहनार नाय. यांना कसलीच आठवन राहत नाय. घरी पान्याची मोटरसुद्धा..."

"मीरा, आपण फोन बघतोय ना?"

"मी पन फोनचंच बोलते."

तेवढ्यात निधी एक फोन तोंडासमोर धरून किंचाळली, "काका, हाच घ्या! यात माझे पिंपल्स गायब होतात!"

चंद्रहासला एसीत घाम फुटला. गाणं कुणाला करायचंय हे विचारायला एकही माणूस तयार नव्हता. शेवटी सेल्समनलाच त्याची दया आली. "सर, म्युझिक बनाना है ना? मग हाच घ्या. यात एआय आहे. फालतू आवाज आपोआप काढून टाकतो. गाणं कुठलं आणि कचरा कुठला, फोनला बरोबर कळतं."

चंद्रहास विरघळला. माणसांना कळत नव्हतं ते निदान फोनला तरी कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी फ्लॉईडने फोन वरून, खालून, बाजूने फिरवून पाहिला. भोक सापडलं नाही. "देव तुझं भलं करो," एवढंच म्हणून तो कामाला लागला.

आणि छळ सुरू झाला. स्क्रीनवर बोट मारलं की कानातली ढोलकी सावकाश, विचार करून वाजायची. इअरफोन काढून गायला बसावं तर कोंबडा मध्येच तान घ्यायचा. त्यात फोन हातात मिळेल तर शपथ! घरातला सगळ्यात भारी कॅमेरा तोच, त्यामुळे निधी साड्यांचे फोटो काढायला न्यायची आणि शत्रुघ्न मांडववाल्याला व्हिडिओवर झापायला. "अरे, फोन माझा आहे!" असं चंद्रहास दिवसभर ओरडत फिरे. "हो हो, तुमचाच," असं म्हणून जो तो फोन घेऊन जाई.

हळदीच्या आदल्या दिवशी त्याने फोन अक्षरशः हिसकावला, भाताच्या पोत्यांच्या खोलीत शिरला आणि डोक्यावरून गोधडी घेतली. (आवाज घुमू नये म्हणून. ही फ्लॉईडची शिकवण.) रेकॉर्डिंग सुरू केलं. "आमची निधी गुणाची, लाडकी चांदीपची..." दुसरं कडवं रंगात आलं आणि दार धाडकन उघडलं.

"टाकी कोरडी पडलीय!" मीरा कडाडली. "घर पावन्यांनी भरलंय नि हे गोधडीत बसलेत! सांगा, मोटर कोन लावनार?"

"पाच मिनिटं!" गोधडीतून उत्तर आलं.

"रोज पाच मिन्टं! मोटर कोन लावनार?"

मीरा पाय आपटत गेली. मागोमाग निधी आली. "काका, मेंदीचे फोटो!" चंद्रहासने घाईघाईने अ‍ॅपमधली दोन बटणं दाबली, 'फालतू आवाज काढा' आणि 'धृपद आपोआप निवडा', आणि गाणं न ऐकताच डीजे अल्पेशला पाठवून दिलं. ऐकायचं कशाला? फोनला सगळं कळत होतं.

फोनला काय कळलं होतं, ते दुसऱ्या दिवशी मांडवात उलगडलं. नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली होती. जिजाबाई पुढच्याच खुर्चीत बसली होती. अल्पेशने माईक घेतला. "आता ऐका, खास निधीसाठी, काकांचं गाणं!"

ढोलकी छान सुरू झाली. शत्रुघ्नने मान ताठ केली. चंद्रहासचा आवाज यायची जागा आली आणि आवाज आलाच नाही. कोंबडा नाही, गोधडीची खसखस नाही आणि चंद्रहासही नाही. फोनने सगळा कचरा चोख काढला होता. मग भल्यामोठ्या स्पीकरमधून, अगदी तालावर, मीरा कडाडली:

"मोटर कोन लावनार? मोटर कोन लावनार? सांगा, मोटर कोन लावनार?"

चंद्रहास मांडवाच्या खांबाआड सरकला. शत्रुघ्नने नकळत नाक चाचपून पाहिलं.

मग जिजाबाई उठली. पदर खोचला आणि आपल्या नवऱ्याकडे बोट करून ओरडली, "ह्यो लावनार!" पुढच्या धृपदाला सगळ्या बायका उभ्या होत्या आणि प्रत्येकीचं बोट आपापल्या माणसावर होतं. अल्पेशला ते गाणं सात वेळा लावावं लागलं. शत्रुघ्न स्वतः नाचला.

लाजून स्वयंपाकघरात पळालेल्या मीराला बायकांनी ओढून आणलं. "वहिनी, माझ्या दिराच्या लग्नाला आमाला बी असंच गानं पायजे," नवऱ्यामुलाची बहीण म्हणाली. "इतकं आतून आलंय! कसं जमलं?"

चंद्रहास घाम पुसत पुढे झाला. फोन शेवटी त्याने निवडला होता, ढोलकी त्याची होती.

"मी एकटीनं नाय केलं," मीरा म्हणाली, आणि तिने त्याच्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की त्याची छाती फुगली. "यांच्याशिवाय झालंच नसतं. लग्नाला सोळा वर्षं झाली. यांनी एकदा जरी येळेवर मोटर लावली असती, तर हे गानं कुठून आलं असतं?"