पान दोनशे तीनवरचा व्हॉल्व्ह

माणूस एखादं काम तीस वर्षं बिनचूक करत असेल तर त्याला ते काम येतं, अशी एक घातक समजूत तोपोलिश्ते गावात बराच काळ रुजली होती. मोरावा नदीकाठचं हे गाव बाकी सर्व बाबतींत पुढारलेलं आहे. (तिथे तीन बँका आहेत आणि एक कारंजं आहे. कारंजं बंद असतं.) पण या समजुतीपायी गावाचा पाणीपुरवठा एका बिनपदवीच्या बाईच्या हातात राहिला होता. राजधानीत हे लक्षात आल्यावर ताबडतोब, म्हणजे एकतीस वर्षांनी, नियम निघाला: सार्वजनिक सेवेतल्या प्रत्येक विभागप्रमुखाने तीन वर्षांत पदवी मिळवावी, नाहीतर खुर्ची सोडावी.

या बाईंचं नाव विदोसावा पेरुनिचिच, वय चोपन्न, हुद्दा विभागप्रमुख. गावाच्या पोटात दोनशे बारा व्हॉल्व्ह आहेत. त्यांतले सदतीस नकाशावर आहेत. उरलेले एकशे पंच्याहत्तर विदोसावाच्या डोक्यात आहेत आणि डोकं ही वस्तू सरकारी कागदपत्रांत मोडत नाही. कुठला व्हॉल्व्ह बेकरीच्या पायरीखाली आहे, कुठल्यावर चर्चच्या पुजाऱ्याने मोटार उभी केली की रविवारी अर्ध्या गावाला पाणी मिळत नाही, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. अशा अशास्त्रीय पायावर अकरा हजार माणसं रोज अंघोळ करत होती.

नियम वाचून विदोसावाला मनापासून अपमान वाटला आणि तो तिने संचालकांच्या खोलीत जाऊन बोलूनही दाखवला. पाणीपुरवठ्याचे संचालक नेबोयशा हे चाळिशीचे, मोठे प्रसन्न गृहस्थ.

"विदामावशी, चिडताय कशाला? नियम सगळ्यांना सारखा. मी नाही का शिकलो?"

(ते क्रीडा-पर्यटन शिकले होते. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दीड वर्षात उरकला. निवडणूक तोंडावर होती.)

"आणि नाही जमलं मला तर?"

"तर माझा गोइको आहेच की! पदवी आहे त्याच्याकडे."

गोइको हा नेबोयशांच्या लग्नातला साक्षीदार, म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा. तो टायर विकत असे. पाण्याशी त्याचा संबंध पंक्चर शोधण्यापुरता होता. विदोसावाने त्याच संध्याकाळी महाविद्यालयाचा अर्ज भरला.

उपयोजित नागरी व्यवस्थापन महाविद्यालय हे ज्ञानमंदिर जिल्ह्याच्या गावी, फर्निचरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. वर्ग शनिवारी भरतात. विदोसावाच्या वर्गात त्रेचाळीस विद्यार्थी होते, सरासरी वय एक्कावन्न, चष्मे एकसष्ट. हजेरीपटावर उपस्थिती शंभर टक्के, बाकांवर साधारण नऊ. पोस्टाच्या प्रमुख बाई होत्या, बालवाडीची मुख्य आचारीण होती (तिचा विषय 'सामूहिक पोषणाचे सिद्धांत', त्यात ती दोनदा नापास झाली) आणि राडिसाव व मिलुन हे तोपोलिश्तेच्या दफनभूमीचे दोन मुकादम होते. बावीस वर्षं खड्डे खणल्यावर आता त्यांना खड्डा म्हणजे काय हे समजून घ्यायचं होतं. आपण गोरगरिबांच्या मुलांना शाळेत घालतो तेव्हा आपली छाती भरून येते. या त्रेचाळीस जणांना पाहून ती कितीतरी जास्त भरून यायला हवी. यांना घरी जाऊन कामंही करायची होती.

अभ्यासक्रमात दोनशे चाळीस तासांचं प्रात्यक्षिक सक्तीचं होतं. ते जवळच्या पाणीपुरवठा कार्यालयात, पदवीधर मार्गदर्शकाच्या हाताखाली करायचं. जवळचं कार्यालय विदोसावाचं स्वतःचं होतं. तिथे पदवीधर एकच, नेबोयशा. तेव्हा विदोसावाने दोनशे चाळीस तास स्वतःच्याच टेबलाशी उमेदवारी केली आणि शेवटी नेबोयशांनी शेरा लिहिला: 'विद्यार्थिनीला पाण्याची आवड दिसते. आत्मविश्वास कमी केल्यास प्रगती होईल.'

तीन वर्षांत एकोणीस विषय सुटले. उरला एक, 'नागरी पाणीपुरवठ्याची मूलतत्त्वे'. प्राध्यापक होते डॉ. स्त्राहिन्या, वय चौतीस. त्यांनीच लिहिलेलं चारशे बारा पानांचं पुस्तक प्रत्येकाने नवं घ्यायचं आणि पहिल्या पानावर त्यांचा शिक्का मारून घ्यायचा. (जुनं पुस्तक वापरल्यास ज्ञान शिळं होतं.) परीक्षा तोंडी. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या घातलेल्या, त्यांतली एक उचलायची. गुण पाच ते दहा, पाच म्हणजे नापास. त्याहून खाली मोजण्याइतकं अज्ञान माणसात असतं हे शासनाला मान्य नाही.

विदोसावाने सतरावी चिठ्ठी उचलली: मुख्य वाहिनीचा व्हॉल्व्ह कोणत्या दिशेने बंद होतो?

तिला हसूच आलं. "कुठला, त्यावर आहे. बहुतेक सगळे उजवीकडे. पण आमच्या इस्पितळाखालचा चार नंबरचा उलटा आहे, डावीकडे बंद होतो. तो दुसऱ्या कारखान्यात बनलेला आहे. माझे उस्ताद ओब्रादकाका पहिल्याच दिवशी मला तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, पोरी, बाकी सगळं विसरलीस तरी हा विसरू नकोस."

"सहकारी," डॉ. स्त्राहिन्या म्हणाले. (विद्यार्थ्याला 'सहकारी' म्हणायची पद्धत आहे. एवढा मान शुल्कातच येतो.) "पान दोनशे तीन. सर्व व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बंद होतात. ओब्राद यांचं कुठलं पुस्तक?"

"ते वारले हो."

"म्हणजे पुस्तक नाही."

पाच गुण. दोन महिन्यांनी पुन्हा परीक्षा, पुन्हा सतरावी चिठ्ठी, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा पाच. आता मुदत संपण्याआधीची एकच परीक्षा उरली. तिकडे गोइको विदोसावाच्या खोलीत येऊन खिडकीची रुंदी मोजून गेला. त्याला पडदे बदलायचे होते.

नवरा तिहोमिर सुताराचं काम करी. त्याने पदवीच्या जेवणासाठी डुकराचं पिल्लू आणि तुतारीवाले दोन्ही आधीच ठरवून ठेवले होते.

"अगं विदा, म्हणून टाक ना तो म्हणतो तसं. तुझं काय जातंय?"

"खोटं आहे ते, तिहो."

"मग? माझ्या आईला तू तीस वर्षं म्हणतेस, तुमच्या हातचं सूप छान होतं. तेव्हा कोण मेलं का?"

"सूप भरून इस्पितळ बुडत नाही."

"इस्पितळाखाली तूच जाणार आहेस ना? पदवी घे आणि फिरव डावीकडे. आणि गोइको गेला तर?"

गोइकोच्या हातात व्हॉल्व्ह फिरवायची किल्ली विदोसावाच्या डोळ्यांपुढे आली आणि तिला खरोखर भीती वाटली.

तिसऱ्या वेळी सतरावीच चिठ्ठी आली. (नंतर कळलं, सगळ्या चिठ्ठ्या सतराव्याच होत्या. प्राध्यापकांना परतीची बस गाठायची असे.) विदोसावाने खिडकीकडे बघत सांगितलं, "सर्व व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बंद होतात. सगळ्या जगात."

डॉ. स्त्राहिन्यांचे डोळे पाणावले. दहापैकी दहा. त्यांनी परीक्षापुस्तिकेत सही केली आणि हात हातात घेऊन म्हणाले, "बघा, सहकारी, शिकायला कधीच उशीर होत नाही."

जेवण रविवारी झालं. त्याच बॅचला उत्तीर्ण झालेल्या राडिसाव आणि मिलुन यांना नेबोयशांनी दफनभूमीतून पाणीपुरवठ्यात बढतीवर घेतलं होतं, आणि रविवारची पाळी त्यांचीच होती. तुतारीवाले ऐन रंगात असताना इस्पितळाजवळची वाहिनी फुटली. नवे पदवीधर पुस्तक घेऊन खाली उतरले. चार नंबर नेहमी अर्धाच उघडा ठेवलेला असे. त्यांनी तो उजवीकडे फिरवला. पाणी वाढलं. पान दोनशे चारवर लिहिलं होतं, पाणी थांबत नसल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बंद झालेला नाही, आणखी फिरवावा. त्यांनी आणखी फिरवला.

विदोसावा केसांत फुलं तशीच घेऊन धावत आली, कंबरभर पाण्यात उतरली आणि मिलुनला बाजूला सारून तिने किल्ली डावीकडे फिरवली. आठ मिनिटांत पाणी थांबलं. तोवर क्ष-किरण यंत्र बुडालं होतं. तळघरातल्या सात रुग्णांना परिचारिकांनी पाठुंगळी वर आणलं, म्हणून ते वाचले.

चौकशी समितीत तिघे होते, तिघेही पदवीधर. अहवाल निर्दोष आहे. राडिसाव आणि मिलुन यांनी मान्य ग्रंथाप्रमाणे काम केलं, सबब ते दोषमुक्त. व्हॉल्व्ह क्रमांक चारची नोंद नकाशावर नाही, सबब तो अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही. मात्र श्रीमती पेरुनिचिच यांनी स्वतःच्याच परीक्षेतल्या उत्तराच्या विरुद्ध दिशेने किल्ली फिरवल्याचं अकरा साक्षीदारांनी पाहिलं. खुलासा मागवण्यात आला: उत्तर खोटं होतं की कृती? उत्तर खोटं असल्यास पदवी रद्द, आणि श्री. गोइको उपलब्ध आहेत.

विदोसावाने कोरा कागद पुढे ओढला. तिला ओब्रादकाका आठवले आणि शरमेने तिचे कान तापले. मग तिने लिहिलं: 'उत्तर बरोबर आहे. कृती घाबरून झाली. क्षमस्व.'

खुर्ची वाचली. चार नंबर आजही ती एकटीच फिरवते, डावीकडे, आधी कोणी बघत नाही ना हे पाहून. तिला निवृत्तीला सहा वर्षं आहेत. त्यानंतर काय होईल, हे विचारायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.

तुम्हाला तिचा राग आला असेल. येणं योग्यच आहे. आता तुमच्यासाठी एक चिठ्ठी, सतरावीच: तुमच्यापुढे कोरा कागद आणि समोर गुण देणारा माणूस होता, तेव्हा तुम्ही जे माहीत होतं ते लिहिलंत, की जे त्याला हवं होतं ते? घाई नाही. उत्तर पान दोनशे तीनवर आहे आणि ते तुम्हाला पाठ आहे.