पूजेच्या टाकीला हात लावायचा नाही!

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात सेफ्टी इनचार्ज व्हायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. महिपतशेठ खंडेनवमीच्या पूजेनंतर नाव जाहीर करणार होते. म्हणून पूजेची सगळी जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली.

पत्रा कापायच्या मशीनला लागणारा नायट्रोजन आमच्या आवारातल्या दुमजली टाकीत असतो. पाण्यासारखा पातळ आणि भयंकर गार! मी टाकीला हळदकुंकू लावलं, शिडी लावून अगदी वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला झेंडूचा हा भलामोठा हार घातला. नऊला भटजी पूजा आटोपून गेले. आरती शेठच्या हातून व्हायची होती आणि शेठ घोडबंदर रोडला अडकले होते.

आमचा जुना ऑपरेटर चांगदेव प्रेशरच्या काट्याकडे बघत म्हणाला, "सुदेश, दोन दिवस मशीन बंद हाय. माल वापरला नाय की आत वाफ कोंडते. खालचा व्हॉल्व्ह खोलून जरा सोडतो."

"खबरदार! पूजा झालेल्या वस्तूला आज हात लावतात का?"

"अरे, बाहेरची गरमी आत शिरते रे!"

"कशी शिरेल? दोन भिंती आहेत तिला, मधली हवासुद्धा काढून घेतलीय!"

"तरी शिरते. थोडी थोडी. आतला माल उकळतो."

"उकळू दे! सणाचा दिवस आहे!"

साडेअकराला तो परत आला. मी त्याला नारळ सोलायला बसवलं. बाराला आला, तेव्हा मी त्याला चक्क ओरडलो. मला तेव्हा इनचार्ज झाल्यासारखंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

एकला शेठ आले. पांढराशुभ्र झब्बा, सोबत वहिनी. आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला वरून आवाज आला, "फुस्स्स्स!"

पांढरं धुकं खाली उतरलं. वहिनी दिसेनाशा झाल्या! गारठून कडक झालेले झेंडू शेठच्या टकलावर टणाटण पडायला लागले. दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, ते त्याचं कामच आहे, हे मला तोंडपाठ होतं. पायांना नव्हतं!

"फुटली! टाकी फुटली!" असं ओरडत मी अनवाणी सुटलो, तो थेट कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. तिथे कळलं, शेठच्या हातातलं आरतीचं ताट माझ्याच हातात आलंय. निरांजन विझलेलं!

घाबरत घाबरत परत आलो. चांगदेवने टाकीला नमस्कार करून खालचा व्हॉल्व्ह उघडला होता. काटा खाली, आवाज बंद, मंडळी प्रसाद खात होती.

"सेफ्टी इनचार्ज, चांगदेव," शेठ म्हणाले. टाळ्या झाल्या. मला रडूच यायचं बाकी होतं.

"आणि सुदेश, तुझ्यासाठी पण काम आहे. दर महिन्याला सगळ्यांना धोक्यातून बाहेर पळायची प्रॅक्टिस द्यायची. लोकांना रस्ता कळावा म्हणून पुढे तू पळायचंस."

गेल्या महिन्यातही मीच पहिला आलो!