मागच्या खोलीवरची स्वारी

"आज हरलात, तर मागची खोली माझ्या मशीनची," बायकोने सकाळीच जाहीर केलं आणि सासरेबुवांच्या घशात चहा अडकला.

मुलीचं लग्न झाल्यापासून त्यांना घरीदारी सगळे सासरेबुवाच म्हणत. तिची मागची खोली रिकामी झाली तेव्हा त्यांनी आपला कॉम्प्युटर 'चार दिवसांसाठी' तिथे नेला होता. त्या चार दिवसांना आता दोन वर्षं झाली होती. बायको लोकांचे कपडे शिवायची. तिचं शिलाई मशीन बोळात होतं आणि येणाराजाणारा त्याच्यावर गुडघा आपटून घेई.

खेळ राज्य उभारण्याचा होता. दगडी कुऱ्हाडीपासून सुरुवात करायची आणि दीडशे चालींनंतर ज्याची वस्ती मोठी, तो जिंकला. दर रविवारी जावई यायचा, बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडायचा आणि सासऱ्यांना हरवून जायचा. असे अकरा रविवार झाले होते. सासरेबुवा सुरुवात झोकात करत. चाळिसाव्या चालीला जावयाची दोन गावं खिशात. पण सत्तराव्या चालीला सैन्य उपाशी आणि शंभराव्याला राजधानी गुल! बसडेपोत साडेतीनशे गाड्यांचं वर्षभराचं वेळापत्रक बांधणाऱ्या या माणसाला खेळात उद्याचं काही दिसत नसे, कारण समोर जावई दिसे.

या वेळी मात्र त्यांनी एका जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर नियम लिहून कागद स्क्रीनच्या कडेला चिकटवला होता. शेजारची जागा लवकर घ्यायची, गाजावाजा न करता. आधी रसद, मग मोठी हालचाल. समोरचा गुंतलेला असतानाच पुढे सरकायचं. आणि जिंकलेल्यांना लगेच कामाला लावायचं.

"जावईबापू, तुमच्या राजधानीला वेढा घालतोय. राग मानू नका!" एकतिसाव्या चालीला त्यांनी आतून आवाज दिला.

"छे, छे, बाबा! राजधानी आपलीच समजा!" बाहेरून उत्तर आलं. आवाज जरा कापरा होता. अजून एक चाल, की राजधानी हातात.

तेवढ्यात डेपोतून फोन आला. दोन ड्रायव्हर आलेच नव्हते. खोलीत नीट ऐकू येईना, म्हणून त्यांना गॅलरीत जावं लागलं. जाता जाता त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं.

"हे हिरवं बटण दाब, की हल्ला होईल. बस्स. दुसऱ्या कशालाही हात लावू नकोस."

पाच मिनिटांनी ते परतले, तर सैन्य वेढा उठवून घरच्या वाटेला लागलेलं.

"अगं, हे काय केलंस?"

"तह. वीस चालींचा. जावईबापूंनी विचारलं, 'आई, तह करू या का?' त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"अगं, मी जिंकत होतो!"

"आणि त्यांच्याकडे धान्य कमी होतं, म्हणून थोडं दिलं."

"थोडं म्हणजे किती?"

"होतं तेवढं."

सासरेबुवा मटकन खुर्चीत बसले. कोठार रिकामं, सैनिक ढीगभर आणि वीस चाली कुणाच्या अंगावर जायची सोय नाही. आता खोली हातची जाणार. मग त्यांच्यातला डेपोचा माणूस जागा झाला. त्यांनी सैनिकांना शेतावर धाडलं, बैलगाड्यांच्या फेऱ्या बांधल्या. एकेका चालीला ते दहा-दहा मिनिटं घेऊ लागले.

"मी इथेच बसते. परत फोन आला तर?" असं म्हणत बायकोने स्टूल आणलं. ते "हं" म्हणाले. थोड्या वेळाने हात रिकामे राहवत नाहीत म्हणून तिने दोऱ्यांचा डबा आणला. मग उजेड कमी पडतो म्हणून दिवा आला. सासरेबुवांची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती.

"जरा पाय वर घ्या," ती म्हणाली. त्यांनी घेतले. मागून काहीतरी जड सरकत गेलं.

"जावईबापू कुठे गेले? त्यांची चाल आहे!" ते ओरडले.

"आलो, आलो, बाबा!" जावयाचा आवाज अगदी जवळून आला, पण वळून बघायला वेळ कुणाला होता?

तह संपला. फुकटच्या धान्यावर जावयाने अवाढव्य फौज उभी केली होती. ती सासरेबुवांच्या तटाला धडकली, भिंतीखाली ताटकळली आणि नव्वदाव्या चालीला उपाशी पडली. सासरेबुवांना ते दुखणं चांगलंच ओळखीचं होतं. तरी शेवटपर्यंत काही सांगता येत नव्हतं. एकशे एकोणपन्नासाव्या चालीला दोघांची वस्ती सारखीच होती. त्यांनी डोळे मिटून शेवटची चाल केली आणि एक डोळा उघडला. ते तीन घरांनी पुढे होते.

"जिंकलो! खोली माझी राहिली!"

उत्तरादाखल पाठीमागे घरघर सुरू झाली. सासरेबुवा वळले. खिडकीखाली शिलाई मशीन चालू होतं. पलंगावर कापडाचे गठ्ठे होते, दाराला बिनबाह्यांचा अंगरखा लटकत होता आणि त्यांच्या वाट्याला खुर्चीखालच्या चार फरश्या उरल्या होत्या. स्क्रीनच्या कडेचा नियमांचा कागद आता मशीनच्या वर, खिडकीच्या पडद्याला टाचण्यांनी लावलेला होता.

"अगं, पण जिंकलो मी!"

"मग मी कुठे नाही म्हणतेय? खोली तुमचीच. आपण नुसता तह करू. वीस वर्षांचा."

दारात जावई कंबर धरून उभा होता. "हो म्हणा, बाबा," तो कळवळून म्हणाला. "ते मशीन परत उचलणं मला जमायचं नाही."

सासरेबुवांनी आपल्याच अक्षरातले नियम पुन्हा एकदा वरपासून वाचले आणि मुकाट्याने मान डोलावली. बायकोने लगेच सुई आणि दोरा त्यांच्या हातात दिला.

"एवढा दोरा ओवून द्या," ती म्हणाली. "मग त्या गुंड्या लावायच्यात."