बंद दाराचं समुपदेशन

माणसाला सल्ल्याची गरजच नसते. नीट ऐकून घेणारं कुणी भेटलं की तो आपला मार्ग आपण शोधतो. हा सिद्धांत मांडण्यात डॉ. वेल्मा हॅस्केल यांनी दोन पदव्या, एक पीएचडी आणि ऐन तारुण्य खर्ची घातलं होतं. सिद्धांत पक्का होता. समुपदेशन शिकवायच्या खोलीच्या दाराची मूठ तेवढी कच्ची होती.

ती आज सकाळी बाईंच्या हातात आली. दार बंद, बाई आत.

आणि आजच त्यांची कायम नेमणूक ठरायची होती. भिंतीतल्या आरशामागे डीन ब्रूमसाहेब समितीसह बसले होते. त्यांना आरशातून बाई दिसत होत्या. बाईंना दिसत होत्या फक्त बाई. प्रात्यक्षिकासाठी बोलावलेली विद्यार्थिनी ओडेट दाराबाहेर उभी होती.

"अगं ओडेट, बाहेरून मूठ फिरव! मी अडकलेय!"

ओडेटचे डोळे चमकले. म्हणजे मॅडमनी स्वतःच अडचणीतल्या माणसाचं सोंग घेतलंय!

"अडकल्यासारखं वाटतंय तुम्हाला," ती मायेनं म्हणाली.

"वाटत नाही गं, अडकलेय!"

"आवाजात राग ऐकू येतोय, मॅडम."

"येणारच! दार उघड!"

"मी नाही फसायची! दुसऱ्याचा प्रश्न आपण सोडवायचा नाही, तुम्हीच शिकवलंत ना?"

बाई आरशाकडे वळल्या. "ब्रूमसाहेब, हे नाटक नाही हो!"

ब्रूमसाहेब खुर्चीच्या टोकावर आले. "काय जिवंत काम करतेय बाई! अंगावर काटा आला!"

बाईंनी दार बडवलं, खुर्ची आपटली, शेवटी गालिच्यावर बसकण मारली. "हरले बाई मी."

ओडेट बराच वेळ गप्प राहिली. गप्प राहणं हा बाईंच्या संशोधनाचा दुसरा विषय. मग तिनं हळूच विचारलं, "तुमच्याजवळ काय काय आहे, मॅडम?"

"काय असणार, डोंबल! ही मेली मूठ आणि गाडीची किल्ली..."

बाई थबकल्या. किल्ली दारातल्या, मूठ निघालेल्या भोकात खुपसली, जोर लावून फिरवली. खट्!

"उघडलं!" बाई उड्या मारतच बाहेर आल्या. "ओडेट, माझं मलाच उघडता आलं! कुणी सांगितलं नाही, काही नाही! सिद्धांत खरा आहे गं!" इतका आनंद त्यांना पीएचडी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

समिती टाळ्या वाजवत धावली. ब्रूमसाहेबांनी बाईंचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "डॉक्टर, नेमणूक एकमतानं! आजच कुलगुरूंना चित्रफीत दाखवतो!"

मग ते कानामागे खाजवू लागले.

"फक्त एक... रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहिलं. तेवढं परत एकदा अडकता का?"