सोडायला शिकवणाऱ्या विमलताई

आमच्या मावला गावात माणूस भेटला की लोक विचारतात, "जेवले का?" शेजारच्या विमलताई विचारतात, "पोट साफ झालं का?" रस्त्यात, बसमध्ये, कुठंही. एकदा तर हार घेऊन उभ्या असलेल्या नवरदेवालाच त्यांनी विचारलं. बिचारा लाजून "हो" म्हणाला.

ताई फिजिओथेरपिस्ट. म्हाताऱ्यांचे गुडघे, कंबरा सगळं बघतात. पण खरा जीव अंथरूण ओलं करणाऱ्या लेकरांत. अशा पोराला कोणी रागावलं की खवळतात. "मुद्दाम करून राह्यला का तो? तुमी झोपेत घोरता, तर तुमाले कोणी मारते का?"

माझ्या लेकीची, गौरीची गादी नवव्या वर्षीही भिजायची. नार्नूरला तिच्या मामाचं लग्न ठरलं, तर ती हटूनच बसली. "मी नाही येत. तिथं सगळ्या बहिणी एका सतरंजीवर झोपतात."

डॉक्टरांनी तपासून बाकी काही नाही म्हटल्यावर मी तिला ताईंकडे नेलं. ताईंनी तिला खुर्चीवर बसवून पायांखाली पाट ठेवला, हातात साबणाचे फुगे उडवायची डबी दिली. "फुंकर मार. पोट सैल सोड." मग लघवी अडवणारे स्नायू हलकेच आवळायला आणि पुरते सोडायला शिकवलं. "आवळणं सगळ्यांले येते बाई. सोडणं शिकाव लागते."

गौरी शाळेत दिवसभर लघवी दाबून धरते, हेही त्यांनीच गप्पांत काढून घेतलं. तिला वेळेवर जायला लावलं, दिवसा पाणी, पोट तुंबलं की गादीही भिजते म्हणून भाजी-भाकरी. मला एवढंच सांगितलं, "सकाळी गादी पाहून तोंड पाडू नको."

आमच्या सासूबाई आधी नाक मुरडायच्या. पुढं त्याही ओसरीवर बसून फुगे उडवू लागल्या.

कधी कोरडी, कधी ओली, असं करत महिने गेले. शेवटी गौरीच म्हणाली, "जाऊ लग्नाला."

परत आल्यावर ती थेट ताईंकडे धावली. "ताई, कोरडी!"

"शाबास! बस इथं. रात्री काय काय बोलल्या तुमी पोरी?"

गौरी सांगत सुटली. मामाची नक्कल, भुताची गोष्ट, कोणाचा पाय कोणाच्या तोंडावर आला. ताई डोळे मोठे करून ऐकत होत्या. मी गौरीला घरी बोलावलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब ना. मी लहानपणी कोणाकडं मुक्कामाले गेलीच नाही. माय पाठवतच नव्हती. लोकांच्या गाद्या खराब होतील म्हणे."

मग गौरीकडे सरकून हळूच म्हणाल्या, "हं, सांग. आधी कोणाले हसू फुटलं?"